हौसाक्काचं मीठ

“हिच्या जिभेला मीठ लागलंय का अजून?”

मी टांग्यातून उतरून ट्रंक खाली घेत होते आणि आमच्या ओसरीवर कुणीतरी आईला हळू आवाजात हे विचारत होतं. हळू म्हणजे त्या व्यक्तीच्या मानाने हळू. टांग्याच्या घोड्याने मान वळवून पाहिलं, इतपत हळू. आई म्हणाली, “नाही हो, आत्ता तर येतेय.” लगेच एक ठेंगणी, रुंद बाई पायऱ्या उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काष्टा घट्ट, कपाळभर कुंकू, उजव्या हाताची मूठ मिटलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या बुटांपाशी क्षणभर अडखळली आणि म्हणाली, “जीभ काढ.”

बेळगावच्या इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलीला आज्ञा पाळायची सवय असते. तिथे दर महिन्याला डॉक्टर अशीच जीभ बघायचे. मी काढली. बाईने मूठ उघडली, चिमूटभर मीठ माझ्या जिभेवर ठेवलं, हनुवटीला धरून माझं तोंड मिटलं आणि साऱ्या गल्लीला ऐकवलं, “झालं! आता ही आमची.”

ही हौसाक्का. आमच्या समोरच्या घरात राहायची. मी बेळगावला शिकत असताना वडिलांनी गंगावेशीजवळच्या या गल्लीत बिऱ्हाड केलं होतं, त्यामुळे गल्ली मला नवी आणि मी गल्लीला. हौसाक्काच्या हिशेबी मात्र नवं-जुनं हे अंतर एका चिमटीचं होतं. कुणाकडे सून आली, भाडेकरू आला, दूध घालणारा गवळी बदलला, की ती मूठ मिटून दारात हजर. “मीठ पडलं जिभंवर की मानूस घरचं झालं,” असं ती म्हणायची. “मग भांडलं तरी घरच्यागत भांडतंय.”

तिच्या शेजारी मौलाचाचा पिंजारी राहायचे. सकाळपासून त्यांच्या धनुकलीचा टणटणाट चालायचा आणि कापसाचे पुंजके गल्लीभर उडायचे. ते म्हणायचे, “हौसाक्का, तुमी मला मीठ घातल्याला किती वर्सं झाली, अजून माजी तहान भागंना बघा.”

“भागू नगा दिऊ,” हौसाक्का म्हणायची. “भागली की पळून जाशीला.”

मी हे सगळं माडीच्या खिडकीतून ऐकत असे. खाली जायचं मात्र मी टाळायचे. माझं मराठी तेव्हा पुस्तकातून शिकलेलं आणि पुस्तकासारखंच कडक इस्त्रीचं होतं. मी एकदा मौलाचाचांना “आपली प्रकृती उत्तम आहे ना?” असं विचारलं, तर ते धनुकली खाली ठेवून उठून उभे राहिले आणि त्यांनी मला मुजरा केला. गल्ली आठवडाभर हसत होती. तेव्हापासून माझं नाव मडम पडलं आणि मी बोलणं जवळजवळ बंद केलं. गल्लीतल्या बायका तर ‘मी येतो, मी जातो, मी काय खुळा हाय व्हय?’ अशा बोलायच्या. पहिले चार दिवस मला वाटायचं, दाराबाहेर पुरुषांची बैठकच भरली आहे.

हौसाक्काला माझं गप्प राहणं अजिबात आवडायचं नाही. “तोंड काय लोणच्याची बरणी हाय व्हय, फडकं बांधून ठेवायला? बोल की! बोलन्यावर अजून सरकारची पट्टी बसल्याली न्हाय.” मी हसायचे. ती म्हणायची, “बघा, परत दात दावलं आन दुकान बंद.”

बरणीची उपमा तिला सहज सुचायची, कारण तिचं घर म्हणजे बरण्याच होत्या. अर्ध्या गल्लीची वर्षाची बेगमी ती करून द्यायची. उन्हाळा लागला की तिच्या माळवदावर पापड, कुरडया, सांडगे, खारवलेल्या मिरच्या, आणि दोरीवर एका ओळीत मटणाच्या चान्या. मटणाच्या लांब लांब फोडींना मीठ-हळद चोळून त्या कडकडीत वाळवायच्या, त्या चान्या. लांबून पाहिलं तर कुणाच्या तरी चामड्याच्या वाद्या वाळत घातल्यात असं वाटे. “जे वरीसभर लागनार ते उनात करून ठिवायचं,” हा तिचा मंत्र होता. “पावसात रडायचं न्हाय.” हा मंत्र मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

हौसाक्काचे यजमान ग्यानूमामा महाराजांच्या शिकारी कुत्र्यांकडे कामाला होते. दिवसभर भुंकणाऱ्यांत आणि संध्याकाळी हौसाक्कासमोर, त्यामुळे त्यांना स्वतः बोलायची सवयच उरली नव्हती. एका संध्याकाळी ते धोतराच्या ओच्यात काहीतरी घेऊन आले. ओचा सोडला तर आतून चार लांब काड्या, एक लांब नाक आणि त्या सगळ्याला कसंबसं जोडणारं पांढरं कातडं निघालं. कुत्र्याचं पिल्लू होतं. बाकीची पिल्लं त्याला खाऊ देत नव्हती, म्हणून थोडे महिने घरी नेऊन जगवायचं, अंगात बळ आलं की परत द्यायचं, असा हुकूम होता.

हौसाक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “ह्यो कुत्रा हाय का बाजंचा पाय?”

“हं,” ग्यानूमामा म्हणाले.

“नाव काय ठिवलंय?”

ग्यानूमामांनी खांदे उडवले. हौसाक्काने त्या काड्यांवर एकदा नजर फिरवली आणि जाहीर केलं, “पैलवान!” गल्लीत हशा पिकला. तिने आत जाऊन मूठ मिटून आणली, पिल्लासमोर बसली आणि म्हणाली, “जीभ काढ.”

पैलवानाची जीभ आधीच बाहेर होती. एवढा आज्ञाधारक पाहुणा तिला आजवर मिळाला नव्हता. मीठ चाटून त्याने तिचा सगळा तळहात चाटला, मग मनगट, मग कोपर. हौसाक्का एवढी विरघळली की तिने दुसरी चिमूट घातली. “बघा! बघा! मानसापरीस शाना हाय. मानसं तोंडं वाकडी करत्यात.” हे म्हणताना तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं.

त्या दिवसापासून पैलवान तिच्या मागे आणि ती पैलवानाच्या मागे. ती पापड लाटायला बसली की तो पोळपाटासमोर पुढचे पाय जोडून बसायचा. पहिला पापड त्याला. फुटलेला पापड त्याला. फुटलेला नसला तर ती फोडून द्यायची. सुका बोंबील, भातावरचा सांडगा, खारातली कैरी, काहीही वर्ज्य नव्हतं. आईने एकदा विचारलं, “अहो, कुत्र्याला एवढं खारट चालतं का?” तर ती म्हणाली, “कोल्हापूरचं कुत्रं हाय ते! सपक खाल्लं तर भुकंल तरी कसं?”

मला मात्र ते बघवायचं नाही. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंकडे एक छोटं कुत्रं होतं, बॉनी नावाचं. मुलींनी जेवणाच्या टेबलावरचं खारट त्याला द्यायचं नाही, असा कडक नियम होता. एकदा स्वयंपाकघरात खारवलेल्या माशांचं भांडं उघडं राहिलं. बॉनीने मासे खाल्ले आणि खालचं खारं पाणीही चाटून पुसून संपवलं. मग ते ओकायला लागलं, पाय लटपटायला लागले, अंग थरथरायला लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बागेत आम्ही त्याला पुरलं आणि मुलींनी प्रार्थना म्हटली. थोडं मीठ कुत्र्याच्या अंगात पाण्याबरोबर निघून जातं, पण एकदम पुष्कळ गेलं आणि पाणी नसलं तर ते जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी बाईंना सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं होतं. मी बऱ्याच गोष्टी दाराआडूनच ऐकलेल्या आहेत.

पैलवान खारट खायचा आणि मग आमच्या नळाजवळच्या दगडी डोणीवर तुटून पडायचा. लपालप, लपालप, डोणीचा तळ दिसेपर्यंत. हौसाक्काला हे बघून समाधान वाटायचं. “लागू पडलं बघा मीठ! तहान लागली म्हंजे आत पोचलं.” मग पैलवान पोट डुगडुगवत मौलाचाचांच्या दारात जायचा आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर सगळं पाणी परत करायचा. मौलाचाचा धनुकली घेऊन धावायचे. “हौसाक्का, तुमच्या पैलवानानं माजी गादी भिजिवली!”

“मीठ हाय त्यात,” हौसाक्का तिथूनच ओरडायची. “गादीबी घरची झाली!”

एक दिवस मी धीर केला. हौसाक्का पायरीवर बसून पैलवानाला चानी भरवत होती. मी जवळ गेले आणि म्हणाले, “हौसाक्का, अतिरिक्त मीठ कुत्र्याच्या प्रकृतीस अपायकारक असतं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने हाक मारली, “मौलाभाई, अवो या की, मडम बोलली!” मौलाचाचा आले, पलीकडच्या दोन बायका आल्या. “बोल, परत बोल. लई ग्वाड बोलती बघा. किर्तनागत.” मी परत बोलले नाही. माडीवर पळाले ते दिवा लागेपर्यंत खाली उतरले नाही.

मग मी गुपचूप मार्ग काढला. पैलवानाला खिडकीतून शीळ घालायची, तो चानी तोंडात धरून मागच्या अंगणात यायचा, मी ती काढून घ्यायची, पाण्यात खळखळून धुवायची, पिळायची आणि परत द्यायची. त्याला हा कारभार इतका पटला की तो आपणहून वस्तू घेऊन धुवायला येऊ लागला. चानी, बोंबील, पापडाचा तुकडा, एकदा ग्यानूमामांचं पायताण. डोणी मी दिवसातून कितीतरी वेळा भरून ठेवत असे. पैलवानाचे पाय भरले, पाठ सरळ झाली, कातड्याखाली खरोखरच कुत्रा दिसायला लागला. श्रेय अर्थातच मिठाला मिळत होतं.

आणि एका दुपारी मी चानी पिळत असताना वर पाहिलं, तर मागच्या बोळाकडच्या भिंतीवरून हौसाक्काचं डोकं.

“आगं बया!” तिचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. “मडम मटान धुती! बेळगावात हेच शिकिवत्यात व्हय?” मागून हसणं ऐकू आलं. पण भिंतीला वळसा घालून ती अंगणात आली तेव्हा हसत नव्हती. माझ्या हातातली पांढरी फटक पडलेली चानी तिने घेतली, वास घेतला, जिभेला लावून पाहिली. मग ती डोणीच्या काठावर बसली. हौसाक्का गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

“माजं मीठ धुतलंस व्हय गं?” ती म्हणाली. एवढं हळू की या वेळी कुठल्याच घोड्याने मान वळवली नसती. “मी काय वंगाळ हाताचं घालतो व्हय?”

मला खूप सांगायचं होतं. बॉनी, ते भांडं, डॉक्टर, थरथरणारे पाय. मनात वाक्यं तयार होती, पण सगळी अपायकारक-प्रकृतीस अशी. मी मान हलवली आणि रडायला लागले. पैलवानाने या वेळाचा फायदा घेऊन चानी पळवली.

हौसाक्काने पदराने माझं नाक पुसलं, जरा जास्तच जोरात. “बरं, रडू नगं. पानी दे त्याला, पायजे तेवडं दे. पर मीठ धू नगंस. माज्याकडं दुसरं हाय काय द्यायला?” आणि उठता उठता म्हणाली, “तुलाबी घातलंय की मी. तू धुतलंस का?” मी नाही म्हटलं. मान हलवूनच. तेवढ्यावर तिचा चेहरा उजळला.

उन्हाळा सरत आला तसा निरोप आला की पिल्लू परत द्या. ग्यानूमामांनी तो जेवताना सांगितला. आमच्या ओसरीवर तो ऐकू आला, कारण हौसाक्काने तो लगेच मोठ्याने परत म्हटला. आणि मग तिचा प्रश्न, “तितं काय घालत्यात त्येला?”

“भाकरी,” ग्यानूमामा म्हणाले. “मटानाचं पानी. आळनी.”

“आळनी?” भांडं पडल्याचा आवाज आला. “मीठच न्हाय? मग त्यो कुनाला जागायचा? सरकारला न्हाय, आमाला न्हाय. आठ दिसात इसरंल की मला!”

“हं,” ग्यानूमामा म्हणाले.

हौसाक्काला रात्रभर झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला सांगायला आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर तोड सापडल्याचं तेज होतं. तिथे मीठ मिळणार नाही ना? नाही तर नाही. पापड वर्षाचे करतो, कुरडया वर्षाच्या करतो, तसंच पैलवानाचं. “वरीसभराचं मीठ एकदमच घालून धाडतो त्येला,” ती म्हणाली. “चांगला मोठा लाडू बांधतो. बेगमी!”

आई हसली. तिला वाटलं, बोलायची पद्धत. मला माहीत होतं की हौसाक्का बोलायची पद्धत म्हणून काहीच बोलत नाही.

निरोपाच्या दिवशी गल्ली सणासारखी सजली. ग्यानूमामा सकाळीच छकडा आणायला गेले होते. कुठून तरी दोन हलगीवाले आले आणि त्यांनी अशी हलगी कडकडवली की खरे पैलवान आखाड्यात उतरताहेत असं वाटावं. मौलाचाचांनी भिजलेल्या गादीचं सगळं विसरून लाल पट्टीचा छोटा फेटा शिवून आणला होता. फेटा एका कानावर, गळ्यात झेंडूची माळ, असा पैलवान चौरंगावर बसला आणि माळेतली फुलं एकेक करून खाऊ लागला. बायकांनी ओवाळलं. कुणीतरी ओरडलं, “पैलवान, कुस्ती मारूनच या!” पैलवान भुंकला, त्यावर टाळ्या पडल्या.

मी माडीच्या खिडकीतून हौसाक्काच्या स्वयंपाकघरात बघत होते. परातीत भाकरीचा चुरा, त्यावर लोण्याचा गोळा, त्यावर कुटलेल्या चान्या. मग तिने मिठाची बरणी जवळ ओढली. एक मूठ. ती थांबली, विचार केला, दुसरी मूठ. मग पदराने डोळे पुसले आणि तिसरी. डोळे पुसायचे आणि मूठ घालायची, असं तिचं चाललं होतं. पावसाळ्याची एक, थंडीची एक, उन्हाळ्याची एक, अशी ती महिने मोजत असावी. कवठाएवढा लाडू झाला. त्यावर मिठाचे खडे उन्हात चकाकत होते.

डोणीचं पाणी या वेळी पुरणार नव्हतं. छकड्यात तर पाणी मिळणारच नव्हतं. वाटेतच त्याचे पाय लटपटले असते.

मी जिना उतरले. कसा उतरले ते आठवत नाही, एका पायात चप्पल नव्हती एवढं आठवतं. ओसरी ओलांडून गल्लीत आले तेव्हा हौसाक्का लाडू ताटात घेऊन गर्दीतून चौरंगाकडे येत होती. मी म्हणाले, “हौसाक्का.” हलगी कडकडत होती. मी परत म्हणाले. एका बाईने मला बाजूला केलं, “सर गं मडम, दिसंना झालंय.” हौसाक्का चौरंगासमोर बसली. पैलवानाने लाडू बघितला आणि जीभ बाहेर काढली. ती त्याला म्हणत होती, “खा रं माज्या राजा. आन इसरू नगंस.”

पुढे जे झालं त्यावर गल्लीत आजही एकमत नाही.

एवढं सगळ्यांना मान्य आहे की तो लाडू पैलवानाच्या पोटात गेला नाही. त्यातला एक तुकडा हौसाक्काच्या तोंडात गेला. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, मग तिने तोंड असं वाकडं केलं की हलगीवाल्याचा ठेका चुकला. “थू! थू! पानी! अगं बया, पानी!” मी तांब्या दिला, तो तिने उभ्याउभ्या रिकामा केला. मग दुसरा. मौलाचाचा म्हणाले, “लागू पडलं मीठ!” आणि सगळी गल्ली हसून हसून वाकली. हौसाक्का हसली नाही. ताटातल्या लाडवाकडे बघत राहिली, मग पैलवानाच्या बारक्या कमरेकडे.

“मला एवडासा घास सोसंना,” ती म्हणाली, “आन ह्यो एवडा गोळा ह्या काटकुळ्याला घालत होतो व्हय मी? मेला असता की गं!” तिने तो लाडू स्वतःच्या हाताने उकिरड्यात खोल पुरला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कुत्र्याच्या तोंडी लागायला नको. परत आली ती साधी भाकरी आणि लोणी घेऊन. भाकरी आळणी होती. मी बघितलं. ग्यानूमामा छकडा घेऊन आले, त्यांनी सगळ्या गल्लीचे चेहरे पाहिले आणि विचारलं, “काय झालं?” त्यांच्या तोंडून प्रश्न असा पूर्वी कुणी ऐकला नव्हता.

पैलवान चांगला शिकारी निघाला. महिन्या-दोन महिन्यांनी ग्यानूमामा त्याला दोरीला धरून रंकाळ्याकडे फिरवायला नेत होते, तर तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळला आणि दोरीसकट, ग्यानूमामांसकट, हौसाक्काच्या दारात येऊन थडकला. आधी तिचा तळहात चाटला, मग मनगट, मग कोपर. कोरडाच हात होता तो. मला वाटलं, आता तरी हौसाक्का म्हणेल की मिठाचं काही नसतं. ती म्हणाली, “बघितलंस? दोनच चिमटी घातलत्या, पर किती टिकलं!”

नंतर ग्यानूमामांची चाकरी संपली आणि ती दोघं मुरगूडला आपल्या गावी गेली. अधूनमधून तिकडून येणारा कुणी भेटतो आणि हौसाक्का कुशल असल्याचं सांगतो. तिच्या आवाजाबद्दल वेगळं विचारावं लागत नाही. तिकडे ती ही गोष्ट सांगते, आणि प्रत्येक खेपेला ती मोठी होते. आता म्हणे त्यात हत्ती आहे. मी हत्तीच्या पायातून पुढे आले आणि वाघासारखी गरजले, आणि कुत्र्यांना मीठ का घालू नये यावर असं भाषण केलं की हलगीवाले रडले. मौलाचाचांचं म्हणणं, मी पाव तास इंग्रजीत बोलले आणि शेवटी ‘स्टॉप’ म्हणाले. आईला वाटतं, मी नुसतीच किंचाळले. मी कधी कुणाला खोडून काढलेलं नाही. तेवढं बोलायला अजूनही मला जड जातं.

पण ज्यांनी हौसाक्काला पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहायला बसले आहे, तर खरं काय ते लिहिते. भाषण नव्हतं. माझ्याकडची सगळी शुद्ध वाक्यं जिन्यातच सांडली होती. तिचा हात पैलवानाच्या तोंडापाशी पोचला होता, त्याची जीभ लाडवाला टेकणार होती. मी दोन बायकांच्या मधून घुसले, ताटातल्या लाडवाचा एक तुकडा मोडला, मूठ मिटली आणि हौसाक्काच्या समोर जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं. हलगीच्या वर, गल्लीच्या वर, माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“हौसाक्का,” मी म्हणाले, “जीभ काढा!”